यंत्र कुणाच्या कानासाठी?

(द्वितीय वर्ष, कला)

मी संध्याकाळी पाच ते नऊ ज्या दुकानात काम करते, तेथे येणारे प्रत्येक गिऱ्हाईक पहिला प्रश्न एकच विचारते : "यातले सर्वांत उत्तम कुठले?" दुकान परळला आहे. विकायला आहेत संगीत ऐकण्याची यंत्रे. पण आपल्या घरी असतात तसली नव्हेत. काचेच्या फळीवर काळ्या-रुपेरी पेट्या मांडलेल्या असतात. त्यांना ना तबकडी ठेवायला जागा, ना कॅसेट घालायला खाच. पाठीमागे इंटरनेटची तार जोडायची, हातातल्या मोबाइलवर गाणे निवडायचे आणि पेटीने ते वाजवायचे. कुणी त्यांना स्ट्रीमर म्हणते, कुणी नेटवर्क प्लेअर. आणि ज्यांच्या पोटात गाणी साठवण्याची सोय असते त्यांना म्युझिक सर्व्हर. किंमत दहा-बारा हजारांपासून पंधरा-वीस लाखांपर्यंत. माझे काम पेट्या पुसण्याचे, बिले करण्याचे आणि मालक फोनवर असले म्हणजे गिऱ्हाइकाला गाणे लावून दाखवण्याचे. पुष्कळदा गिऱ्हाईक माझ्याकडे पाहते, मग दुकानभर पाहते आणि विचारते, "सर नाहीत का?" असो. तो वेगळ्या लेखाचा विषय आहे.

वर्षभर हा प्रश्न मी दुसऱ्यांच्या तोंडून ऐकत होते. गेल्या उन्हाळ्यात तो आमच्याच घरात आला. आम्ही लालबागला चाळीत राहतो. खोली दहा बाय बाराची, वर पोटमाळा. त्या माळ्यावर नायलॉनच्या पिशवीत आबांच्या, म्हणजे माझ्या आजोबांच्या, ३१ कॅसेटी होत्या. आबा १९६५ साली कुडाळकडून मुंबईला आले, गिरणीत साचेखात्यात लागले आणि १९८२ च्या संपापर्यंत तेथेच राहिले. रात्री चाळीच्या भजन मंडळात ते झांज वाजवीत. गणपतीतली भजने, डबलबारीच्या बाऱ्या, एकादशीचा जागर, असे सगळे त्या कॅसेटींत आहे. कुणीतरी आखातातून आणलेल्या टेपरेकॉर्डरवर मुद्रित केलेले. २००५ च्या २६ जुलैला तळमजल्यावर पाणी भरले तेव्हा माळ्यावर होत्या म्हणून त्या वाचल्या. माझ्या जन्माआधीची ही गोष्ट, पण घरात ती अजून सांगतात. कॅसेटी वाचल्या खऱ्या. त्या वाजवायचे साधन मात्र उरले नव्हते. आई म्हणाली, "रोज त्या दुकानात उभी असतेस, मग आबांसाठी एखादे यंत्र बघ की."

आणि तेव्हा मला प्रथमच जाणवले की "सर्वांत उत्तम कुठले?" हा प्रश्नच अपुरा आहे. कुणाच्या कानासाठी, कुठल्या गाण्यासाठी आणि किती वर्षे टिकण्यासाठी, हे विचारल्याखेरीज त्याला उत्तर नाही. दुकानात हे तीन प्रश्न गिऱ्हाईक विचारत नाही आणि आम्हीही त्याला विचारत नाही. आमच्या एका सरांनी मला हसत विचारले, "कला शाखेच्या मुलीने या यंत्राच्या फंदात कशाला पडावे?" त्यांना त्या वेळी उत्तर सुचले नाही. हा लेख म्हणजे ते उशिरा सुचलेले उत्तर आहे.

आधी ही यंत्रे करतात काय ते सांगते. ते फार अवघड नाही. गिरणगावातली खानावळ डोळ्यांपुढे आणा. एक असते कोठी, जेथे शिधा भरलेला असतो. एक असते वाढणारी बाई. कुणाला काय हवे ते ओळखून ती कोठीतून काढून देते. आणि एक असते ताट. म्युझिक सर्व्हर म्हणजे कोठी आणि वाढणारी बाई. नेटवर्क प्लेअर म्हणजे ताट. यापुढे एक भाग असतो तो डॅक. गाणे साठवलेले असते आकड्यांच्या रूपात. कानाला आकडे कळत नाहीत, हवेतली थरथर कळते. आकड्यांचे विजेच्या लहरींत रूपांतर करतो तो डॅक, त्या लहरींना बळ देतो तो अँप्लिफायर, आणि हवा हलवतो तो स्पीकर. काही कंपन्या हे सगळे एका पेटीत कोंबतात, काही पाच पेट्या करून पाच किमती लावतात. आपल्याला यातला नेमका कुठला भाग हवा आहे हे ठाऊक नसले, की माणूस कोठी घ्यायला येतो आणि ताट घेऊन जातो. असे झालेले मी स्वतः पाहिले आहे.

आता आकडे. कॉम्पॅक्ट डिस्क १९८२ च्या ऑक्टोबरात जपानमध्ये प्रथम विक्रीस आली, म्हणजे इकडे आबांचा संप दहाव्या महिन्यात होता तेव्हा. त्या तबकडीवर एका सेकंदात ध्वनीचे ४४,१०० नमुने घेतलेले असतात आणि प्रत्येक नमुना १६ बिटांत लिहिलेला असतो. यातून सुमारे २२ हजार हर्ट्झपर्यंतचा आवाज साठवता येतो. माणसाचा तरुण आणि निरोगी कान २० हजारांच्या आसपास थांबतो. दुकानातल्या महागड्या पेट्यांवर २४ बिट आणि १ लाख ९२ हजार नमुने असे छापलेले असते. त्याने एका तासाच्या गाण्याला जागा साडेसहापट लागते. मुद्रण करताना जास्त बिटांचा उपयोग आहे, कारण आवाज अचानक चढला-उतरला तरी सांभाळून घेता येते. ऐकताना किती उपयोग आहे, याबद्दल मला दाट शंका आहे. १६ बिटांत अगदी हळू आणि अगदी मोठ्या आवाजातले ९६ डेसिबलचे अंतर मावते. आमच्या खोलीत शेजारच्या कुकरची शिटी, जिन्यावरची पावले आणि पुलावरच्या गाड्यांचा घरघराट यांखाली हळू आवाज तसाच बुडून जातो. आमच्यासाठी ते ९६ सुद्धा जास्तच आहेत.

एका गोष्टीत मात्र हयगय करू नये. एमपीथ्रीमध्ये जागा वाचवण्यासाठी आवाजातला काही भाग कायमचा टाकून दिलेला असतो. फ्लॅक नावाचा जो प्रकार २००१ साली आला, त्यात काहीही टाकत नाहीत. कपडे घडी करून ट्रंकेत बसवावेत तसे आकडे घडी करून ठेवतात आणि वाजवताना जसेच्या तसे उलगडतात. तो कुठल्या एका कंपनीच्या मालकीचा नाही. साठवायचे ते फ्लॅकमध्येच साठवावे, असे माझे स्पष्ट मत आहे.

महाग पेटी आणि स्वस्त पेटी यांत फरक ऐकू येतो का? मी एकदा ताडून पाहिले. दुकान बंद करायच्या वेळी माझे सहकारी दादा आणि मी चार लाखांची एक पेटी आणि बारा हजारांची एक पेटी घेतली. दोन्हींतून निघणारे आकडे एकाच डॅकला दिले, म्हणजे पुढचे सगळे समान राहिले. दादा पडद्यामागे अदलाबदल करायचे आणि मी कागदावर लिहायचे. बारा वेळा ऐकले, सात वेळा बरोबर आले. नाणे उडवून लिहिले असते तर सहा आलेच असते. एका मुलीने एका संध्याकाळी केलेला प्रयोग काही पुरावा नव्हे, हे मला कळते. एका नेहमीच्या गिऱ्हाइकाला हे सांगितले तेव्हा ते म्हणाले, "बेटा, तुझे कान अजून तयार झालेले नाहीत." असेलही. पण मग कान तयार करण्याची काही किंमत असेल ती आधी मोजावी, पेटीची नंतर, असे वाटते. कुमार गंधर्व लहान असताना मोठमोठ्या गवयांच्या तबकड्या ऐकून त्यांची गायकी हुबेहूब उतरवीत, आणि पुढे ऑपेरा हाउसजवळ देवधर मास्तरांच्या शाळेत शिकायला आले. त्या तबकड्या एका मिनिटात ७८ फेरे घेणाऱ्या, एका बाजूला जेमतेम साडेतीन मिनिटे वाजणाऱ्या आणि सतत खरखरणाऱ्या होत्या. कान तयार झाले ते त्यांच्यावर.

गाणे वाहून नेणाऱ्या तारेची आणि तिच्या जोडणीच्या डब्याची जी महागडी विक्री चालते तिच्याविषयी लिहीतच नाही. आकडे वाटेत बिघडले तर ते पुन्हा मागवण्याची व्यवस्था संगणकाच्या जाळ्यात आधीपासून आहे, आणि बँकेचे पैसे त्याच तारेवरून जातात. दोनशे रुपयांची तार पुरते.

आता कानाकडे वळते, कारण माझा खरा वाद येथे सुरू होतो. या व्यवसायात सर्वांत मोठा मंत्र आहे शुद्धतेचा. मूळ आकड्यांत एका बिटाचाही बदल न करता ते पुढे पोचवावेत, आवाजाचा पोत कमीजास्त करण्याची बटणेसुद्धा नसावीत, असे मानतात. आणि अनेक भारी यंत्रांवर ती खरोखरच नसतात. बटण असणे हे जणू कमी दर्जाचे लक्षण! ऐकायला हे तत्त्व उदात्त वाटते. पण आबांचे कान साचेखात्यात गेले. शेकडो साचे एकदम चालत तेव्हा शेजारचा माणूस ओरडला तरी ऐकू येत नसे. ओठ पाहून आणि हातवारे करून बोलावे लागे. अशा गोंगाटाने कानाची जी हानी होते ती प्रथम ४,००० हर्ट्झच्या आसपास होते. आबांच्या तपासणीच्या कागदावर रेघ नेमकी तेथे खड्ड्यात गेलेली आहे. आणि झांजेचा जो झणत्कार असतो, तो त्या भागात आणि त्याच्या वर असतो. म्हणजे जे वाद्य आबांनी तीस वर्षे वाजवले, नेमके तेच त्यांना ऐकू येत नाही. पखवाज येतो, पेटी येते, बुवांचा आवाज येतो. झांज येत नाही.

त्यांच्यासाठी शुद्ध यंत्र आणले असते, तर त्याने अतिशय शुद्धपणे आबांना त्यांच्याच भजनातून वगळले असते. म्हणून मी पहिली अट घातली ती इक्वलायझरची : ठरावीक पट्टीतला आवाज हवा तेवढा उचलता आला पाहिजे, आणि आबांसाठी एक मांडणी, आईसाठी दुसरी, अशी साठवून ठेवता आली पाहिजे. दुकानात ही अट घेऊन कोणी येत नाही. पण दुकानात येणारी पुष्कळशी गिऱ्हाइके साठीच्या पुढची असतात, आणि वयाबरोबर वरचे स्वर आधी जातात, हे कुणालाही टळलेले नाही. जे आपल्या कानाला पोचायचेच नाही त्याच्यासाठी ते लाखो रुपये मोजतात, आणि जे पोचवता आले असते त्या बटणाला नाके मुरडतात.

दुसरा प्रश्न कुठल्या गाण्यासाठी हा. येथे माझी तक्रार सर्वच यंत्रांशी आहे, स्वस्त काय नि महाग काय. ही यंत्रे गाणे शोधून देतात ती गाण्याबरोबर लिहिलेल्या माहितीवरून. त्या माहितीचे रकाने ठरवले परदेशी पॉप संगीत डोळ्यांपुढे ठेवून : कलाकार, अल्बम, गाणे, वर्ष. आपले संगीत त्या रकान्यांत बसत नाही. नाट्यपदाला लागतो नाटककार, पदकर्ता, संगीतकार, मूळ गायक आणि या तबकडीवरचा गायक. ख्यालाला लागतो राग, ताल, घराणे, आणि साथीला कोण होते ते. हे सगळे एकाच 'कलाकार' नावाच्या रकान्यात कोंबले, की यंत्र काय करते पाहा. आमच्या दुकानातल्या नमुन्याच्या संग्रहात भीमसेन जोशी पाच आहेत. एक नुसते, एक 'पंडित' लावलेले, एक 'पं.' लावलेले, आणि दोन इंग्रजी स्पेलिंगचे. वर्णानुक्रम लावला की निम्मे गवई 'प' मध्ये आणि निम्मे तबलजी 'उ' मध्ये, कारण ते उस्ताद! 'कट्यार काळजात घुसली' शोधले, तर १९६७ च्या नाटकातली अभिषेकीबुवांच्या संगीतातली पदे आणि २०१५ च्या चित्रपटातली गाणी एका ढिगाऱ्यात येतात. ज्याला ठाऊक आहे तो हसतो. ज्याला ठाऊक नाही, माझ्यासारख्याला, जिच्या घरात नाट्यसंगीत कुणी ऐकलेच नव्हते, तिला यंत्र जे सांगेल तेच खरे वाटते.

हा प्रश्न नवा नाही. १९०२ च्या नोव्हेंबरात कलकत्त्याला फ्रेड गायसबर्गने गौहर जानचे गाणे मुद्रित केले. त्या काळच्या तबकड्यांत गाणे संपता संपता गायक-गायिका स्वतःचे नाव मोठ्याने सांगत, कारण मेणाचे साचे जर्मनीत हॅनोव्हरला जात आणि तेथल्या कारागिरांना कुठल्या तबकडीवर कुणाचे नाव चिकटवायचे हे कळायला दुसरा मार्ग नव्हता. तेव्हा यंत्र बाल्यावस्थेत होते. सगळे गाणे एका कर्ण्यात ओरडून गावे लागे. मायक्रोफोन यायला १९२५ च्या सुमारास वेळ होता. तरीही नाव राहून जाऊ नये याची काळजी होती. आज एका बोटाएवढ्या चकतीत शेकडो तबकड्या मावतात, आणि साथीदाराचे नाव लिहायला जागा नाही.

आबांच्या कॅसेटींचे तेच. वेष्टणावर बुवांचे नाव आहे, कधी मंडळाचे आहे. पखवाजी, पेटीवाला, झांजवाला आणि मागचे कोरसवाले यांची नावे कुठेच नाहीत. रात्रपाळी संपवून, अंघोळ करून, तशीच बारी गाठणारी ही माणसे. मी रकाने नव्याने पाडले. फ्लॅकमध्ये आपल्या मनाचा रकाना जोडता येतो, हे फार थोड्यांना ठाऊक असते. मी जोडले : बुवा, पखवाज, पेटी, झांज, कोरस, चाळ, प्रसंग. आत काय आहे तेही लिहिले; रूपावली, अभंग, गौळण, गजर. आता यंत्र घेताना पाहायचे ते हे : असे जादा रकाने ते वाचते का, त्यांवरून शोधू देते का, आणि देवनागरी अक्षरे नीट दाखवते का. एक भारी किमतीची पेटी मी लावून पाहिली, तर तिच्या पडद्यावर 'गौळण' च्या जागी चार चौकोन उमटले. चौकोनांची किंमत अडीच लाख.

तिसरा प्रश्न किती वर्षांसाठी. आता बहुतेक लोक गाणी विकत घेत नाहीत, महिन्याच्या भाड्याने ऐकतात. भाड्याला माझा विरोध नाही. मीही भाड्यानेच नवी गाणी ऐकते, आणि एरवी मला ती ऐकायला मिळालीच नसती. पण भाडेकरूला घराचा भरवसा नसतो, हे लालबागकरांना शिकवायला नको. काळा घोड्याचे ऱ्हिदम हाउस २०१६ साली बंद झाले, तरी तेथून घेतलेल्या तबकड्या लोकांच्या कपाटात राहिल्या. विंक म्युझिक ही सेवा २०२४ साली बंद झाली, तेव्हा मागे कपाटच नव्हते. यंत्रांचीही तीच गत. स्क्वीझबॉक्स नावाचा एक चांगला नेटवर्क प्लेअर होता. तो काढणारी स्लिम डिव्हायसेस ही छोटी कंपनी २००६ साली लॉजिटेकने घेतली आणि २०१२ साली त्याचे उत्पादन थांबवले. अशा वेळी पेट्या भंगारात जातात. या गेल्या नाहीत, कारण त्यांच्या मागे चालणारा सर्व्हरचा प्रोग्रॅम खुला होता. तो कुणालाही वाचता येत होता, दुरुस्त करता येत होता. २०२४ साली कंपनीची वेबसेवाही बंद झाली, तरी हौशी लोक तो प्रोग्रॅम आज लिरियन म्युझिक सर्व्हर या नावाने चालवीत आहेत. म्हणून यंत्र निवडताना मी विक्रेत्याला एक प्रश्न विचारायला सांगेन : "तुमची कंपनी उद्या बुडाली आणि माझे इंटरनेट बंद पडले, तर माझ्या घरातली माझी गाणी वाजतील ना?" याचे उत्तर "हो" असे एका शब्दात आले नाही, तर पाकीट खिशातच ठेवावे. (मालक हा अंक वाचणार नाहीत अशी आशा आहे.)

मग मी घेतले काय? लॅमिंग्टन रोडवर तीन शनिवार घातले. त्याचे नाव डॉ. भडकमकर मार्ग होऊन किती वर्षे झाली, पण तेथले दुकानदारही लॅमिंग्टनच म्हणतात. रास्पबेरी पाय नावाचा पत्त्यांच्या जोडाएवढा संगणक, त्याचा वीजपुरवठा आणि कार्ड मिळून ६,२०० रुपये. त्याच्या डोक्यावर बसणारा डॅक ३,३००. एक टीबीची हार्ड डिस्क ४,८००. जुने स्पीकर ४,०००. अँप्लिफायर मामाकडे धूळ खात पडला होता. चोरबाजारातून कॅसेट डेक ३,५०० ला घेतला. विकणाऱ्याने पाच हजार सांगितले होते, पण सोबत आई होती. प्रोग्रॅम फुकट, खुला, आणि त्यात इक्वलायझर आहे. ३१ कॅसेटी म्हणजे जवळजवळ चाळीस तास, आणि कॅसेट जेवढी लांब तेवढाच वेळ तिला उतरवायला लागतो. घाई करण्याची सोय नाही. २४ बिटांत मुद्रित करूनही सगळे मिळून पंचवीस जीबीच्या आसपास भरले. म्हणजे आबांचे अख्खे आयुष्य सहाशे रुपयांच्या ६४ जीबीच्या पेनड्राइव्हमध्ये मावून वर जागा उरते. ती दुसरी प्रत मी मावशीकडे डोंबिवलीला ठेवली आहे. एकाच घरात दोन प्रती ठेवणे म्हणजे एकच प्रत ठेवणे. २६ जुलैने आम्हाला एवढे शिकवले आहे.

मुद्रणाच्या वेळी जे कळले ते कुठल्याही जाहिरातीत नव्हते. पहिल्या पाच-सहा कॅसेटी घोंगडीखालून गात असल्यासारख्या येत होत्या. मला वाटले, चाळीस वर्षांत फीत मेली. दादांनी सांगितले, "हेडचा स्क्रू फिरव." डेकचे हेड फितीला अगदी काटकोनात असावे लागते, ज्या टेपरेकॉर्डरवर मुद्रण झाले त्याचे हेड थोडे तिरके असले, तर आपलेही तेवढेच तिरके करावे लागते, नाहीतर वरचे स्वर विझतात. हेडजवळ एक बारीक स्क्रू असतो. कानात यंत्र लावून तो सुईभर फिरवला, आणि घोंगडी बाजूला झाली. झांज आली. फितीत ती होतीच. सहाही कॅसेटी पुन्हा उतरवल्या. चार लाखांची पेटी पुढे जोडली असती तरी ती झांज आली नसती. ती आली एका स्क्रूड्रायव्हरने.

संध्याकाळी आबांना समोर बसवले. इक्वलायझरमध्ये त्यांच्या कागदावरचा खड्डा पाहून तेवढा भाग हळूहळू उचलत गेले. मला स्वतःला तो आवाज कर्कश लागू लागला, शेजारच्या काकू डोकावून गेल्या. आबा मान खाली घालून ऐकत होते. मग म्हणाले, "ही माझी झांज मा गो? मी सम चुकलंय हंयसर." सम खरेच चुकली होती. चाळीस वर्षांपूर्वीची चूक त्यांनी पकडली आणि त्या चुकीवर ते पुढचे दोन दिवस बोलत राहिले.

एवढे लिहिल्यावर एक कबुली द्यायला हवी. महाग यंत्रे म्हणजे नुसता श्रीमंतांचा षोक, असे मला म्हणायचे नाही. एकदा दुकानातल्या ऐकण्याच्या खोलीत, जिच्या भिंतींना कापूस आणि लाकूड लावले आहे, मालकांनी एक ख्याल लावला. गवयाने सूर लावण्याआधी दोन तानपुरे वाजत होते. ते दोन आहेत, आणि दोघांची जवारी वेगळी आहे, हे मला त्या दिवशी आयुष्यात प्रथम ऐकू आले. मी फडके हातात घेऊन तशीच उभी राहिले. असे ऐकायला मिळणे हा आनंद आहे आणि तो मला हवा आहे. हेवा वाटला नाही म्हणणे खोटे होईल. तो आनंद मुख्यतः स्पीकरांचा आणि त्या शांत खोलीचा होता, असे माझे मत आहे. त्या वेळी मागे कुठली पेटी जोडलेली होती हे मी पाहिले नाही. पाहायला हवे होते. पैसे असतील त्याने आधी स्पीकरवर आणि खोलीवर घालावेत, उरतील ते पेटीवर.

आता सरांच्या प्रश्नाकडे. कला शाखेच्या मुलीने यात का पडावे? कारण यंत्र बनवणारे अभियंते आहेत आणि विकणारे व्यापारी आहेत; रकान्यात काय लिहायचे हे त्यांना ठाऊक नसते, आणि ते त्यांचे कामही नव्हे. रूपावली म्हणजे काय, गौळण कुठे संपते आणि गजर कुठे सुरू होतो, पदाचा मूळ गायक कोण, हे आपण वर्गात शिकतो किंवा घरून घेऊन येतो. जुन्या तबकड्यांच्या याद्या लावण्याचे काम मुंबईत हौशी संग्राहकांनी पदरमोड करून केलेले आहे. सोसायटी ऑफ इंडियन रेकॉर्ड कलेक्टर्स ही त्यांची संस्था १९९० सालापासूनची. तबकड्यांना निदान कंपनीच्या वह्या तरी होत्या. घरी मुद्रित केलेल्या कॅसेटींना काहीच नाही. ज्यांना नावे ठाऊक आहेत ती माणसे आज पंचाहत्तर-ऐंशीच्या घरात आहेत. आपल्या ग्रंथालयाच्या मागच्या खोलीत स्नेहसंमेलनांच्या आणि व्याख्यानांच्या कॅसेटींचे एक कपाट आहे, हे किती जणांना माहीत आहे? माझ्याकडे डेक आहे, स्क्रूड्रायव्हर आहे. मराठी विभागाने एक टेबल आणि आठवड्यातले दोन तास दिले, तर मी यायला तयार आहे. दुकानाची सुट्टी सोमवारी असते.

आणखी एक विनंती. आमची चौदावी कॅसेट १९८३ च्या गणपतीतली आहे, लालबागच्याच एका चाळीतली. तिच्यावरचा पखवाज फार सुरेख आहे. गजराच्या शेवटी तो जे काही करतो ते ऐकून आबासुद्धा हात थांबवतात. संप चालू होता, निम्मे मंडळ गावाला गेलेले, म्हणून त्या रात्री बाहेरून एका पखवाज्याला बोलावले होते, एवढेच त्यांच्या ध्यानात आहे. "करी रोडसून इल्लो, नाव माका आठवणा नाय," म्हणतात. त्या रकान्यात मी अजून काही लिहिलेले नाही. वाचकांपैकी कुणाच्या घरी करी रोडच्या बाजूला राहणारे, त्या काळी पखवाज वाजवणारे कुणी असतील, तर कृपया मला वर्गात किंवा ग्रंथालयात भेटावे. मोबाइलवर तो भाग घेऊन ठेवला आहे, ऐकवीन.